पश्चिमेच्या भिंतीचा रंग का सुटतो : आधी पापुद्र्याची पाठ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळ गावी जांभ्याचं जुनं घर, त्यावर नंतर चढवलेला स्लॅबचा मजला. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर बाहेरून चांगल्यातला ॲक्रिलिक इमल्शन मारून घेतला. यंदाचा पाऊस सरला आणि पश्चिमेच्या भिंतीचा रंग तळहाताएवढ्या पापुद्र्यांनी सुटायला लागला. जोत्यापासून कमरेपर्यंत पांढरी पूडही येतेय. बाकी तीन भिंती ठीक आहेत. पेंटर म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो पेंटरने पाणी जास्त घातलं, आणि तिसरा कोणी सांगतोय की सगळ्या घराला रबरासारखं ताणणारं वॉटरप्रूफ कोटिंग मारा म्हणजे कटकट मिटेल. खरं कोणाचं, आता काय करायचं आणि शेड कोणती घ्यायची, असं तुम्ही विचारलंय.

मी चिपळूणपासून मालवणपर्यंत बाहेरच्या रंगाची कामं घेतो, आणि असं घर दर हंगामात एक तरी समोर येतंच. पहिली गोष्ट तुमच्याच पत्रात आहे. चारही भिंतींना तोच माल लागला, हातही त्याच माणसांचा फिरला, आणि तीन भिंती शाबूत आहेत. मालच नासका असता तर चारही भिंतींनी तक्रार केली असती. म्हणजे फरक पश्चिमेच्या भिंतीत आहे. ती भिंत आतून काय सांगतेय हे कळल्याशिवाय कुठलाही नवा डबा उघडू नका.

आता एक काम करा. सुटलेला मोठासा पापुद्रा अलगद काढा आणि उलटा करून उजेडात धरा. रंग समोरून सगळीकडे सारखाच सुटलेला दिसतो. कारण असतं ते पाठीवर.

पाठीला वाळूचे कण चिकटून आले असतील, तर रंगाने धरलं होतं, खालचा गिलावाच भुसभुशीत आहे. नखाने भिंत खरवडून बघा, वाळू झरझर सुटेल. अशा गिलाव्यावर जगातला सर्वांत महाग रंगही टिकणार नाही. पाठीला पांढरा, पिठासारखा थर आला आणि तो बोटाला लागला, तर पुट्टी नाहीतर खालचा जुना चुना सुटलाय. पाठ स्वच्छ, गुळगुळीत आणि तिच्यावर आधीच्या रंगाची छटा असेल, तर नवा रंग जुन्या रंगाला चिकटलाच नव्हता. जुन्यावर धूळ होती, शेवाळ होतं, किंवा तो खडूसारखा झाला होता. आणि पाठीवर साखरेसारखे बारीक चमकदार खडे दिसले, जिभेला खारट लागले, तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर आलेले क्षार. तिथे पाणी भिंतीतून बाहेर येतंय.

एकाच भिंतीवर दोन-तीन कारणं निघतात, म्हणून पापुद्रे किमान तीन उंचींवरून काढा : जोत्याजवळून, खिडकीच्या पातळीवरून आणि वर स्लॅबच्या खालून. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की खाली लोणा मिळेल आणि वर पुट्टी. म्हणजे दोन वेगळे रोग, आणि दोघांचा उपचारही वेगळा.

खालच्या लोण्याचं आधी सांगतो, कारण तिथेच लोक पैसा वाया घालवतात. जांभा सच्छिद्र दगड. जुन्या घरांच्या जोत्यावर ओल अडवणारा थर बहुधा नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी दगडातून आणि दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, वर चढतं. साधारण कंबरेपर्यंत येतं, तिथे बाष्प होऊन उडून जातं आणि बरोबर आणलेले क्षार मागे ठेवतं. पूर्वी वर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचा हात असायचा. पाणी त्यातून उडून जायचं, क्षार पृष्ठभागावर यायचे, पाऊस सरला की झाडून पुन्हा एक हात दिला की झालं. गोव्यातही पावसाळ्यानंतर दरवर्षी चुना काढायची पद्धत होती ती यासाठीच. आपण त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला आणि वरून प्लॅस्टिकची कातडी ओढली. आता पाणी उडायला बघतं तेव्हा क्षारांचे खडे कातडीच्या मागेच तयार होतात, वाढतात आणि तिला ढकलून देतात. पेंटरने कितीही प्रामाणिकपणे काम केलं असतं तरी कमरेखालचा हा पट्टा सुटलाच असता.

त्यावर उपाय रंगाचा नाही. आधी बाहेरची जमीन बघा. अंगणात फरशी किंवा काँक्रीट घालताना बऱ्याच घरांची बाहेरची पातळी वाढलेली असते, कधी तर जोत्याला टेकलेली असते. ती खाली घ्या, उतार घराच्या उलट दिशेला द्या. छपराच्या पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडत असतील तर पन्हळ लावा, कारण पागोळीचं पाणी फरशीवर आपटून दोन फूट उडतं आणि भिंतीला रोज तेवढं मिळत राहतं. मग कमरेपर्यंतचा सिमेंट गिलावा काढून टाका, पूड दिसते त्याच्या फूटभर वरपर्यंत. दगड कोरडा घासा. पाण्याने धुऊ नका, विरघळलेला क्षार परत आत जातो. ॲसिडने तर अजिबात नको. ते चुना खातं आणि मागे नवे क्षार सोडून जातं. त्यानंतर दोन रस्ते : चुन्याचा गिलावा करून वर चुन्याचाच हात, किंवा जांभा उघडाच ठेवून फक्त दर्जा भरणं. मला दुसरा जास्त आवडतो. तीन-साडेतीन फुटांचा उघड्या जांभ्याचा पट्टा आणि वर रंगवलेली भिंत कोकणातल्या घराला शोभते, आणि देखभालही जवळजवळ नाही. भिंतीला भोकं पाडून ओल अडवणारं औषध सोडायची पद्धत काही जण सुचवतील. विटांच्या भिंतीत ती चालते, पण जांभ्यात पोकळ्या इतक्या की औषध सगळीकडे सारखं पसरेल याची खात्री मी कुणाला देत नाही.

आता कमरेच्या वरचा भाग. पश्चिमेची भिंत म्हणजे झडीची भिंत. नैर्ऋत्येचा वारा पावसाला आडवा करून तिच्यावरच मारतो, आणि रत्नागिरीत पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. जुन्या घरांना ओटी-पडवी, पुढे आलेली वळचण असायची, आणि पावसाआधी पश्चिमेला झावळ्यांचे झाप बांधायचे. स्लॅबचा मजला आला, वळचण गेली, छज्जे दीड फुटांवर आले, आणि जे काम छपराचं होतं ते आपण रंगाकडून करून घ्यायला लागलो. रंगाची सुकलेली कातडी मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी. ती सरी परतवू शकते, पण भेगेतून मागे गेलेल्या पाण्याला ती काहीच करू शकत नाही.

म्हणून पाणी मागे कुठून जातं ते शोधा. तुमच्या घरात माझा पहिला संशय जांभ्याची भिंत आणि वरचा बीम यांच्या सांध्यावर आहे. दोन वेगळे पदार्थ उन्हात वेगवेगळे वाढतात आणि स्लॅबच्या पातळीवर आडवी भेग पडते. केसासारखी बारीक भेगही अख्खा पावसाळा पाणी पिते. दुसरा संशय खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या तिरप्या भेगांवर. तिसरा पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, माथ्यावर. माथ्याला गच्चीकडे उतार नसेल तर सगळं पाणी बाहेरच्या भिंतीवरून ओघळतं, आणि माथ्यावर भेग असेल तर ते भिंतीच्या पोटातून खाली येतं. गच्ची आणि पॅरापेटच्या सांध्याला मारलेला सिमेंटचा गोलसर वाटा सुटलाय का तेही हाताने चाचपा. छज्जाच्या खालच्या अंगाला कडेजवळ पाणी तुटण्यासाठी बोटभर खाच असावी लागते. ती नसली की पाणी छज्जाच्या पोटावरून मागे सरकत भिंतीपर्यंत येतं, आणि खिडकीच्या वर रंग आधी तिथेच सुटतो.

हे बघताना एका नाण्याने भिंत वाजवत जा. खणखणीत आवाज आला तर गिलावा धरून आहे. बद्द आवाज आला तर खाली पोकळ झालंय, तेवढा तुकडा खडूने आखून घ्या आणि उडवा. छज्जाखाली तपकिरी डाग असतील, गिलावा फुगला असेल, तर तिथे रंगकाम थांबवा. आतली सळई गंजली आहे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. खाऱ्या हवेत हे लवकर होतं. त्याला दुरुस्तीचा वेगळा माणूस आणि वेगळा खर्च लागतो. तो तुमच्या पेंटरच्या अंदाजपत्रकात असूच शकत नाही.

पुट्टीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वरच्या पापुद्र्यांचं मूळ मला तिथेच दिसतंय. बाहेरच्या स्पंज फिनिशच्या, म्हणजे स्पंजने घासून थोड्या खरबरीत ठेवलेल्या, भिंतीला पुट्टी लावायची खरं तर गरज नसते. गुळगुळीत दिसावी म्हणून लोक मागतात आणि पेंटर लावतात. लावायचीच तर पांढऱ्या सिमेंटची लागते. आत वापरतात ती ॲक्रिलिक पुट्टी बाहेर पावसात फुगते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पाण्यात कालवल्यावर दोन-तीन तासांत संपवावी लागते. कामावर होतं असं की सकाळी घमेलंभर कालवली जाते, जेवणाची सुट्टी होते, परत आल्यावर ती घट्ट झालेली असते, मग वरून पाणी ओतून पुन्हा घोटतात. सिमेंटने एकदा धरायला सुरुवात केली की ते पुन्हा तसं धरत नाही. दिसायला भिंत छान होते, पण सुकल्यावर ती खडूच्या भुकटीसारखी राहते. तापलेल्या भिंतीवर, पाणी न शिंपडता लावली तरी हेच होतं, भिंत तिचं पाणी ओढून घेते. वर अस्तर (प्रायमर) न मारता, नाहीतर नावाला अस्तर मारून, रंग चढवला की तो धरणार कशाला? तुमच्या पापुद्र्याची पाठ पांढरी आणि पिठूळ निघाली तर ही पुट्टी पत्र्याने पूर्ण खरवडून काढा. थोडी घट्ट वाटते म्हणून ठेवलेला तुकडा पुढच्या पावसात तुम्हाला पुन्हा परांची बांधायला लावेल.

मग प्रश्न येतो पेंटरच्या पाण्याचा. दुकानदाराचं म्हणणं तपासता येतं. बिल काढा. गुळगुळीत, अस्तर मारलेल्या भिंतीवर चांगला बाहेरचा इमल्शन दोन हातांना लिटरमागे ढोबळमानाने ५० चौरस फूट जातो. स्पंज फिनिशवर त्याहून कमी. तुमच्या बाहेरच्या भिंती २,४०० चौरस फूट धरल्या तर ४८ लिटर, म्हणजे २० लिटरच्या दोन बादल्या पुरत नाहीत. बिलावर एकच बादली असेल तर पाणी जास्त घातलंय किंवा दुसरा हात पडलेलाच नाही. जास्त पाण्याने रंग सहसा पापुद्र्यांनी सुटत नाही, तो लवकर फिका पडतो आणि खडूसारखा होतो. काळा कपडा भिंतीवर घासा. तीन बऱ्या भिंतींवरही कपडा पांढरा होत असेल तर दुकानदाराच्या बोलण्यात तथ्य आहे. पण पश्चिमेच्या पापुद्र्यांचा दोष त्यावर टाकता येणार नाही.

आणि वेळ. गणपतीच्या आधी घर रंगवायची हौस मी समजू शकतो. चाकरमानी येणार, घर उजळलेलं हवं. पण आषाढ-श्रावणात भिंत पाण्याने भरलेली असते. दोन दिवस ऊन पडलं की वरची कातडी सुकते, आत ओल तशीच. वरून रंग मारला की ती ओल कोंडली जाते आणि पुढच्या उन्हात फुगे येतात. गणपतीसाठी आतले खण, ओटी, पडवी करा. उघड्या भिंतींना हात लावू नका.

ताणणाऱ्या वॉटरप्रूफ कोटिंगविषयी माझं मत स्पष्ट आहे. माल चांगला आहे, पण सगळ्या घराला मारायचा नाही. जाड थर, केसासारख्या भेगांवर तो ताणून राहतो, झडीच्या भिंतीला याचा खरा उपयोग आहे. म्हणून पॅरापेट आणि पश्चिमेच्या वरच्या मजल्याला, दुरुस्ती झाल्यावर आणि भिंत सुकल्यावर, जरूर घ्या. खालच्या जांभ्याच्या भिंतीला मारलात तर आतलं पाणी कोंडून मोठे फुगे येतील. टोचले तर पाणी गळेल, असे मी पाहिले आहेत. कंपनीची हमी मिळते म्हणतात, तिचा कागद नीट वाचा. जमिनीतून चढणारी ओल, गळती, इमारतीच्या भेगा यांना ती सहसा लागू नसते, आणि तुमच्या घराचे प्रश्न नेमके तेच आहेत.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. दिवाळीनंतर भिंत धुवायची. शेवाळ असेल तिथे आधी शेवाळनाशक किंवा ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून ते मरू द्यायचं, मग घासून स्वच्छ पाण्याने काढायचं. नुसतं घासलं तर मुळं राहतात आणि नव्या रंगाखालून वर येतात. लोण्याचा खालचा पट्टा मात्र कोरडाच. प्रेशरच्या पंपाने जांभ्याच्या भिंतीवर जोर लावू नका, महिनाभर सुकणार नाही एवढं पाणी आत जातं. मग खरवडणं. मग भेगा. बीमच्या सांध्याची भेग इंग्रजी व्हीच्या आकारात उघडून, धूळ काढून, पॉलिमर मॉर्टरने भरायची आणि वर चिकन मेश (तारेची बारीक जाळी) घालून गिलावा करायचा. नवीन गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारा आणि रंगाआधी किमान २८ दिवस जाऊ द्या. ताजं सिमेंट इतकं अल्कलीयुक्त असतं की त्याचा सामू (pH) १२ ते १३ असतो. लवकर रंगवलं तर तेवढाच ठिगळ फिका, डागाळलेला दिसतो, आणि लोक पुन्हा शेडला दोष देतात.

भिंत सुकली का हे हात लावून कळत नाही. दीड फुटाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून दव धरलं किंवा भिंत काळपट झाली तर थांबा. शिल्लक जुना रंग धरून आहे का याचीही परीक्षा घ्या : ब्लेडने बारीक चौकटी कापा, पॅकिंगची टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकटी टेपबरोबर आल्या तर तो भागही खरवडायचा. तुमच्या भागात जानेवारीच्या अखेरीस भिंती बऱ्यापैकी सुकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेरच्या कामाचा एक हात अस्तर, दोन हात रंग. एप्रिल संपेपर्यंत आटोपा म्हणजे पावसाआधी रंग पुरता पिकतो. पश्चिमेची भिंत सकाळी करा, ती सावलीत असते तेव्हा. पूर्वेची दुपारनंतर. तापल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि धरत नाही. थंडीत संध्याकाळी उशिरापर्यंत मारत बसू नका, दवाने चमकदार ओघळ उठतात.

खिडक्यांचा जुना ऑइल पेंट खरवडायचा असेल तर कोरडा घासू देऊ नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ओला करून घासा, तोंडाला मास्क, खाली ताडपत्री, आणि लहान मुलं तेवढे दिवस दुसरीकडे.

पेंटरशी बोलताना चौरस फुटाचा एकच दर ठरवू नका. अशा दरात खरवडणं आणि धुणं कुणाच्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून पहिली काटछाट तिथेच होते. माझ्या कामात निम्म्याहून जास्त मजुरी रंगाची बादली उघडण्याआधी खर्च होते. खरवडणं, भेगा, अस्तर, पहिला हात, दुसरा हात असे टप्पे लिहून घ्या, प्रत्येक टप्पा बघून पैसे द्या. बादल्या तुम्ही घ्या आणि तुमच्यासमोर उघडू द्या. पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, मापाने घाला. तुमच्या जुन्या पेंटरशी भांडू नका, असंही सांगेन. पुट्टी वाईट निघाली तरी खालचा लोणा आणि श्रावणातली वेळ त्याच्या हातात नव्हती. पापुद्रे त्याच्यासमोर उलटे करून दाखवा. ऐकून घेणारा माणूस असेल तर तोच पुन्हा चांगलं काम करेल.

शेडचं शेवटी. भडक पिवळा, नारिंगी, गुलाबी, जांभळा यांत बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यं असतात, उन्हात आणि सिमेंटच्या अल्कलीत ती लवकर उडतात. गेरू, पिवळी माती, राखाडी, मळकट पांढरा या लोहाच्या ऑक्साइडवरच्या शेड बाहेर वर्षानुवर्षं टिकतात, आणि जांभ्याशेजारी गेरवा-पिवळसर छटा उठूनही दिसते. बाकी तीन भिंती या वर्षी रंगवायच्या नसतील तर जुन्या डब्यावरचा शेड नंबर शोधा. दोन उन्हाळ्यांनी त्या थोड्या उतरल्या असणार, त्यामुळे नवा रंग तंतोतंत जुळणार नाही. म्हणून पश्चिमेला मध्येच ठिगळ न लावता अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत करा, आणि लागणारा सगळा रंग दुकानातून एकदमच मिसळून आणा. दोन बादल्यांत फरक वाटला तर पिंपात एकत्र ओतून ढवळून घ्या. कोपऱ्यावर उजेड बदलतो, तिथे छटेतला फरक सहसा डोळ्यात येत नाही.